लाल रेघेखालचं पेट्रोल

घरातली स्कूटर दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली की किल्लीबरोबर एक छोटं प्रवचनही द्यावं लागतं. ब्रेकबद्दल कोणी काही सांगत नाही, टायरमधल्या हवेबद्दल नाही, इन्शुरन्सची तारीख उलटून गेली आहे हे तर मुळीच नाही. प्रवचनाचा विषय एकच, पेट्रोलचा काटा. "निम्म्यावर दिसतोय ना, ते निम्मं धरू नकोस, पाव धर. पावाच्या खाली आला की भरून घे. पण समजा लाल रेघेवर गेलाच तर घाबरू नकोस, तिथून स्वारगेटला जाऊन परत येता येतं. एवढंच कर, साइड स्टँडवर असताना बघू नकोस, तेव्हा तो काहीही दाखवतो." ऐकणारा समंजसपणे मान डोलावतो. त्याच्या घरच्या स्कूटरचंही असंच प्रवचन असतं, फक्त त्यातलं स्वारगेट वेगळं.

ह्या प्रवचनाचा सूर कधीच तक्रारीचा नसतो. दुधात पाणी निघालं तर आपण भांडतो, रिक्षाचं मीटर पळालं तर भर चौकात उतरून वाद घालतो. काटा मात्र रोज डोळ्यांदेखत खोटं बोलतो आणि आपण शांतपणे त्याचं खोटं पाठ करतो. नवी स्कूटर घरी आली की पहिले काही महिने त्यातच जातात. तो कुठे फुगवून सांगतो, कुठे हात आखडता घेतो, पाव ते शून्य हा प्रवास किती दिवसांत करतो, हे सगळं घरात तोंडी नोंदवलं जातं आणि पुढच्या पिढीला सांगितलं जातं. कंपनी स्कूटरबरोबर एक जाड पुस्तिका देते. ती कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी त्यात हे नसतं.

हाच माणूस पेट्रोल पंपावर बघा. नळी टाकीत जायच्या आत ह्याचे डोळे मशीनवर. "झिरो बघा साहेब," असं पंपावरचा पोरगा म्हणतो तोवर साहेबांनी झिरो बघून झालेला असतो. गोल आकड्यांची मशीनमध्ये आधीच सेटिंग करून ठेवतात असं त्यांना कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ते शंभरचं न सांगता एकशे दहाचं टाकायला सांगतात. नोझल बाहेर काढताना "थांब, थांब" म्हणून नळीतले शेवटचे चार थेंब स्वतः झटकून घेतात. शासनही त्यांच्या पाठीशी आहे. वैधमापन खात्याचे निरीक्षक पंपांची तपासणी करून सील लावतात, पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, आणि शंका आली तर गिऱ्हाइकाला त्या मापाने खात्री करून मागता येते. (तशी मागणी करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मागच्या रांगेला तोंड द्यायची ताकद काही वैधमापन खातं देत नाही.) १६ जून २०१७ पासून तर भावही रोज सकाळी सहाला बदलू शकतो आणि पैशांपर्यंत सांगितला जातो.

इतक्या चोख हिशेबाने, दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत मोजून घेतलेला ऐवज टाकीच्या तोंडातून आत जातो आणि तिथे गणित संपतं. कारण आतला हिशेब ज्याच्याकडे सोपवलेला असतो त्या काट्याला 'आहे', 'थोडं आहे' आणि 'बघा बुवा' एवढंच बोलता येतं, आणि तेही तो त्याच क्रमाने बोलेल याची खात्री नाही.

यात सगळा दोष काट्याचा नाही. टाकीत एक पोकळ फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. त्याला एक दांडी. फ्लोट वरखाली झाला की दांडीचं दुसरं टोक विजेला अडवणाऱ्या एका पट्टीवर सरकतं, ती कुठे जास्त अडवते, कुठे कमी, आणि त्या मानाने समोरच्या डायलवरचा काटा हलतो. म्हणजे काट्याला जे कळतं ते इतकंच, की टाकीत एका ठिकाणी पेट्रोल किती उंच उभं आहे. लिटरचं त्याला कोणी सांगतच नाही. टाकी चौकोनी असती तर उंचीवरून लिटर काढणं सोपं होतं. पण स्कूटरमध्ये आधी इंजिन बसतं, मग हेल्मेट मावेल एवढा सीटखालचा खण, मग बॅटरी, आणि सगळ्यांनी आपापली जागा घेतल्यावर जी वाकडीतिकडी फट उरते तिला टाकी म्हणतात. पाच-साडेपाच लिटरची. तिच्यात वरच्या बोटभर उंचीत जेवढं पेट्रोल मावतं तेवढं खालच्या बोटभर उंचीत मावतंच असं नाही. म्हणून निम्मी उंची म्हणजे निम्मं पेट्रोल, हा भूमितीचा नियम स्कूटरला लागू होत नाही.

त्यातून पेट्रोल एका जागी बसत नाही. कात्रजचा जुना घाट चढायला लागलं की ते मागे सरकतं, बोगदा ओलांडून शिवापूरच्या बाजूला उतरायला लागलं की पुढे येतं, आणि फ्लोट बिचारा जिथे पेट्रोल नेईल तिथे जातो. चढताना काटा एक सांगतो, उतरताना दुसरं. दोन्हींची सरासरी काढायची तर ती सपाटीवर, म्हणजे बोगद्यात काढावी लागेल, आणि तिथे अंधार. मागे कोण बसलं आहे यावरही गोष्टी अवलंबून असतात. वजनदार माणूस मागे बसला की मागचे शॉक दबतात, टाकी कलते आणि काटा जागा बदलतो. आमच्या मेव्हण्याला मागे बसवलं की आमच्या स्कूटरमध्ये पाव लिटर पेट्रोल वाढतं. तो उतरला की जातं. त्याने आजवर आमच्या टाकीत टाकलेलं पेट्रोल एवढंच.

हे हेलकावे चालवणाऱ्याला दिसू नयेत म्हणून काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो. त्याने गचके कमी दिसतात हे खरं, पण एक नवा घोटाळा होतो. पेट्रोल भरून, किल्ली फिरवून माणूस लगेच काट्याकडे बघतो. काटा अजून विचारात. मग तो पंपावरच्या पोराकडे बघतो. पोरगा पुढच्या गाडीला 'झिरो बघा' म्हणत असतो. मनात संशय घेऊन माणूस निघतो आणि पुढच्या सिग्नलला काटा निवांत वर चढून येतो, तेव्हा ज्याच्यावर संशय घेतला त्याची माफी मागायला कोणी परत जात नाही.

शंभर-शंभरचं भरणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. लिटर शंभरीच्या पुढे गेल्यापासून शंभर रुपयांत पुरतं लिटरही येत नाही, पण 'शंभरचं टाक' ही सवय भावाबरोबर वाढलेली नाही. ह्या लोकांच्या टाकीतला फ्लोट जन्मात कधी वर जात नाही. तळाच्या चार बोटांत त्याचं सगळं आयुष्य. दांडीचं टोक पट्टीच्या त्याच तुकड्यावर मागेपुढे होत राहतं, तो तुकडा झिजतो, आणि मग ज्या टप्प्यात काट्याने खरं सांगायला हवं नेमक्या त्याच टप्प्यात तो बरळायला लागतो. फुल टाकी असताना काटा कसा अगदी बरोबर असतो, असं काही लोक कौतुकाने सांगतात. टाकी फुल आहे हे सांगायला काटा कशाला हवा? ते खिशाला आधीच कळलेलं असतं.

काही खोटं तर चांगल्या हेतूने सांगितलं जातं. मोटारींच्या स्पीडोमीटरला संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत एक अट आहे: खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचा नाही, ठरावीक मर्यादेत जास्त दाखवला तर चालेल. म्हणजे चुकायचंच असेल तर माणसाला सावध करणाऱ्या बाजूने चुका. पेट्रोलच्या काट्यामागेही साधारण तोच विचार असतो. काटा तळाला टेकला तरी टाकीत थोडं उरलेलं असतं, पंपापर्यंत पोचता यावं म्हणून. विचार उत्तम, फक्त तो माणसाच्या स्वभावापुढे टिकत नाही. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवणाऱ्या घरात जे होतं तेच इथे होतं. घड्याळात आठ वाजले की घरातले सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून पुन्हा पांघरूण ओढतात. काटा शून्यावर आला की आपणही मनातल्या मनात अधिक करतो आणि पंपावरून सरळ पुढे निघून जातो. पंप रस्त्याच्या पलीकडे असेल तर अधिकचा आकडा आपोआप मोठा होतो.

ज्यांनी चेतक चालवली त्यांना ह्या सगळ्याची गंमत वाटते, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात ह्या कामाला विजेचा काटा लागतच नव्हता. बजाजने चेतक बाजारात आणली ती १९७२ साली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, आकुर्डीचा कारखाना, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची तयारी. सीटच्या खाली, पुढच्या बाजूला पेट्रोलचा कॉक असे. बंद, चालू आणि रिझर्व्ह. त्यातली युक्ती इतकी साधी होती की तिच्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. टाकीत पेट्रोल घ्यायची दोन तोंडं, एक उंचावर आणि एक तळाशी. पेट्रोल उंच तोंडाच्या खाली गेलं की स्कूटर गचके खायला लागायची. मग चालत्या गाडीवर, पुढे उभं असलेलं पोर जरा बाजूला सरकवून, पायांच्या मधे हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा. पुन्हा इंजिनाचा सूर लागायचा. त्यात अंदाज नाही, तरंगणं नाही, वीज नाही. टाकीतलं पेट्रोल स्वतःच येऊन सांगत असे की मी आता इतकंच उरलोय.

अर्थात इतक्या सरळ यंत्रातही माणसाने आपली सोय करून घेतलीच. पेट्रोल भरल्यावर कॉक रिझर्व्हवरून परत 'चालू'वर आणायचा असे. तो आणायचा राहायचा. मग पुढच्या खेपेला रिझर्व्ह लागायचीच नाही, एकदम शेवटच लागायचा. अशा वेळी चेतकवाला खाली उतरून स्कूटर इंजिनाच्या बाजूला भरपूर आडवी करायचा, कोपऱ्यात लपलेलं पेट्रोल गोळा व्हावं म्हणून. ती आडवी केल्यावर चालू व्हायची, आणि पुढच्या चौकापर्यंत जायचीही. बघणाऱ्याला वाटे की ह्याने स्कूटरला नमस्कार करायला लावलं.

काटेवाल्या स्कूटरचं पेट्रोल संपतं तेव्हा हे काही करता येत नाही, पण माणूस करतो. एखादा गृहस्थ कर्वे रस्त्याच्या कडेला थांबलेला दिसला की समजावं. आधी तो बटण दाबून बघतो. मग स्कूटर दोन्ही हातांनी धरून जोरात हलवतो आणि कान खाली नेतो. आतून छपाक ऐकू आलं तर आशा. पण शेवटचं शंभर मिली पेट्रोलही छपाक करतंच, त्यामुळे ह्या चाचणीत आजवर कोणी नापास झालेलं नाही. मग तो टाकीचं झाकण उघडतो, मोबाईलचा टॉर्च लावतो आणि एका डोळ्याने आत बघतो. (मोबाईल नव्हते तेव्हा काही जण काडी पेटवून बघत असं ऐकलंय. ते सांगायला राहिले याचं आश्चर्य वाटतं.) मग टाकीच्या तोंडाला तोंड लावून फुंकर. कार्ब्युरेटरच्या काळात ह्या फुंकरीने कधीमधी गाडी चालू होत असेलही. आता इंजेक्शनवाल्या स्कूटरला तिचा काही उपयोग नाही, पण वडिलांनी केलेलं असतं म्हणून मुलगा करतो.

एव्हाना दोन माणसं जमलेली असतात. पहिला विचारतो, "पेट्रोल संपलं का?" दुसरा विचारतो, "काटा बघितला नाहीत का?" ह्या दुसऱ्या माणसाला उत्तर देणं फार कठीण असतं. कारण काटा बघितलेला असतो, तो खोटा आहे हे ठाऊक असतं, आणि किती खोटा आहे तेही ठाऊक असतं. फक्त आज तो नेहमीपेक्षा कमी खोटं बोलला, एवढंच झालेलं असतं. हे रस्त्यावर उभं राहून परक्या माणसाला कसं समजावणार?

पंप जवळ असला तरी बाटलीत पेट्रोल मिळत नाही, तशी पाटीच असते. स्कूटर न्यायची तर ढकलत, नाहीतर टोचन लावून. आपल्याकडचं टोचन ही अजब परोपकाराची गोष्ट आहे. अनोळखी पोरगा येतो, "बसा काका," म्हणतो, आपल्या गाडीवरून एक पाय लांब करून काकांच्या स्कूटरच्या मागच्या फूटरेस्टला लावतो आणि दोन गाड्या, चार चाकं, एक इंजिन असं ते प्रकरण गर्दीतून वाट काढत पंपापर्यंत जातं. नियमात हे बसत नसणार. पण पंपावर पोचल्यावर तो पोरगा पैसे घेत नाही, नाव सांगत नाही, नुसता हात वर करून निघून जातो. काकांना त्याचे आभार मानायचे असतात, पण तोवर "झिरो बघा" ऐकू येतं आणि नजर मशीनकडे वळते.

पेट्रोलच्या काट्याचं खरं विद्यापीठ मात्र गोव्यात आहे. तिथे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर मिळते ती नेहमी लाल रेघेवर. मागच्या पर्यटकाने परत देताना भरपूर पेट्रोल उरलेलं असतं, कारण परक्या स्कूटरच्या काट्याचं प्रवचन त्याला कोणी दिलेलं नसतं आणि भीतीपोटी त्याने जास्तीच भरलेलं असतं. ते पुढे कुठे जातं हे विचारू नये. आपल्याला लाल रेघ मिळते, मालक सांगतो, "पंपापर्यंत जाता, काय प्रॉब्लेम ना," आणि आपण एका अनोळखी काट्यावर विश्वास टाकून निघतो. वाटेत दुकानाबाहेर पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल विकायला ठेवलेलं दिसतं. तिथे डायल नाही, फ्लोट नाही, पारदर्शक बाटलीत जेवढं आहे तेवढं दिसतं. भाव मात्र विक्रेता आपला चेहरा बघून ठरवतो.

काही लोकांनी काट्याकडे बघणंच सोडून दिलंय. हे बहुधा अकाउंट्स खात्यातून निवृत्त झालेले असतात. ते टाकी फुल करतात, किलोमीटरचा आकडा वहीत लिहितात, पुन्हा फुल करतात, भागाकार करतात आणि त्याला अ‍ॅव्हरेज म्हणतात. स्कूटर किती देते असं विचारलं तर ते दशांशात सांगतात आणि उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा वेगवेगळा आकडा सांगतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून त्यांच्या वहीत एक रकाना वाढलाय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच, हे ते सुनेला समजावून सांगतात. सून मान हलवते, किल्ली घेते आणि काटा बघून निघते.

मधल्या काळात काट्याच्या जागी पट्ट्या आल्या. डिजिटल म्हटल्यावर लोकांना वाटलं, आता नेमकं कळणार. पण आत फ्लोट तोच, दांडी तीच. फक्त पूर्वी तो अस्पष्ट खोटं बोलायचा, आता ठळक आकारात बोलतो. पहिली पट्टी जायला आठवडा लागतो, मधल्या पट्ट्या रोज एक अशा जातात आणि शेवटच्या दोन रात्रीत एकदमच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचा नियम आला आणि स्कूटर इंजेक्शनवर गेल्या. आता टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला एक छोटा पंप असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. "टाकी सारखी कोरडी करू नका काका, पंप जाईल," असं मेकॅनिक बजावतो. पण आयुष्यभर लाल रेघेखाली काढलेल्या माणसाला तिच्यावर राहायला सांगणं हा त्याच्या अनुभवाचा अपमान असतो.

आमच्या स्कूटरचा फ्लोट मध्यंतरी बदलावा लागला. दुसऱ्याच कामासाठी दिली होती, मेकॅनिकने उत्साहात तोही बदलला आणि अभिमानाने सांगितलं, "आता काटा एकदम करेक्ट." त्या दिवसापासून घरात गोंधळ. काटा पावावर आला की बायको पाव वजा करून घाबरायची, मुलगा शून्यावर स्वारगेट मिळवून निघायचा आणि म्हात्रे पुलावर थांबायचा. "अहो, आधीचं काय वाईट होतं? निदान काय समजायचं ते तरी कळत होतं," असं ऐकून मी मेकॅनिककडे जुना फ्लोट परत मागितला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी आधी बँकेत, सही जुळत नाही म्हणून सांगणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांत पाहिली होती. जुना फ्लोट भंगारात गेला होता.

हल्ली सोसायटीतले लोक विजेच्या स्कूटरकडे वळताहेत. चेतकही २०२० साली परत आली, ती विजेवर. परवा शेजारच्या काकांबरोबर एका शोरूममध्ये गेलो होतो. काकांचं निम्मं आयुष्य चेतकवर गेलेलं. तिथला पोरगा उत्साहाने सांगत होता. समोर मोठा स्क्रीन, त्यावर टक्केवारी, शिवाय किती किलोमीटर जाईल तेही. काकांनी चष्मा पुसला आणि वाकून स्क्रीन बघितला.

"त्रेचाळीस टक्के दाखवतंय."

"हो काका."

"बरं. म्हणजे खरं किती धरायचं?"

"त्रेचाळीसच काका."

"ते झालं कंपनीचं," काका आवाज खाली आणून म्हणाले, "तू घरचा समजून सांग."